दोनशे तीसवरचा काटा

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी धाकटीनं मोजलं ते असं. बाहेरच्या खोलीत टीव्ही एक, पडदा काळा. रिमोट दोन, त्यांतला एक कुठल्या वस्तूचा ते घरात कुणालाच आठवत नव्हतं. सेल चार, त्यांतले दोन नवे. आतल्या खोलीत खाट एक, खाटेवर बाबा, बाबांच्या नाकात नळी. नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनला, मशीनचा प्लग स्टॅबिलायझरला, स्टॅबिलायझरचा प्लग भिंतीला. कोपऱ्यात अडीअडचणीला ठेवलेला लहान सिलिंडर, तीन लिटरचा, त्याचा दाबाचा काटा अडतीस किलोवर. बोटाला लावायचा चिमटा एक, त्यावर आकडा ब्याण्णव. माणसं तीन.

भीती वाटली की धाकटी मोजायची. विज्ञानाची पदवी नंतर मिळाली, ही सवय आधीपासूनची.

बाबांना घरी आणून आज चौथा दिवस. डॉक्टरांनी दारात उभं राहून तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: मशीन चोवीस तास चालू, आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, आणि अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊन तिथंच राहिला तर वाट बघत बसायचं नाही. पहिले तीन दिवस ताई होती. काल ती आपल्या घरी गेली, जाताना वही धाकटीच्या हातात देऊन म्हणाली, "आता तुझी पाळी." वहीत तीन रकाने होते. वेळ, बोट, व्होल्ट. व्होल्टचा रकाना धाकटीनंच आखला होता. दर दोन तासांनी स्टॅबिलायझरवरचा काटा बघायचा आणि आकडा लिहायचा. तिला वाटायचं, मोजत राहिलं की काही होत नाही.

आणि मग टीव्ही गेला. आई बघत होती, बाबा आतून ऐकत होते, तेवढ्यात 'टप्' असा आवाज झाला आणि पडदा काळा. आवाज नाही, खालचा लाल दिवाही नाही.

"धाकटे!" आतून बाबांची हाक आली. "काय झालं? मला 'टप्' ऐकू आलं."

"काही नाही बाबा, टीव्ही बंद पडलाय. तुम्ही पडून राहा."

"पडूनच आहे. दुसरं काय करतोय?" मशीनची हुश्श-टक, हुश्श-टक मध्ये आली. "लाल दिवा आहे?"

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले होते. गेल्या वर्षभरात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं; गोळ्या घेतल्या का, एवढंच. धाकटीला त्यांच्या आवाजात काहीतरी जागं झालेलं ऐकू आलं, आणि नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

"लाल दिवा नाही," ती दारात येऊन म्हणाली.

"रिमोटचे सेल बदलू नकोस. लाल दिवा नाही म्हटल्यावर रिमोटचा काय संबंध? सगळे आधी सेल बदलतात."

धाकटीनं मुठीतले दोन नवे सेल गुपचूप खिशात टाकले.

"प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लाव."

लावला. काळा.

"बाबा, मी मीटरनं सॉकेटचे व्होल्ट मोजते. दोन सेकंदांचं काम."

"मीटरला हात लावायचा नाही! त्याच्या लाल वायरचं आवरण फाटलंय. शॉक बसेल." एवढं बोलून त्यांना धाप लागली. हाताचा पंजा वर करून त्यांनी तिला थांबवलं आणि श्वास जमल्यावर म्हणाले, "मीटर कशाला? काटा आहे ना. काटा काय म्हणतोय?"

धाकटी खाटेशेजारी वाकली. स्टॅबिलायझर म्हणजे करड्या पत्र्याची पेटी, वर काचेआड अर्धगोल पट्टी आणि तिच्यावर काळा काटा. आतल्या तारा बाबांनी स्वतः गुंडाळल्या होत्या, धाकटी दोन वर्षांची असताना.

"दोनशे तीस."

"मग लाइन ठीक आहे. रोग त्या डब्यातच आहे. पेचकस आण, शास्त्रज्ञबाई."

स्वयंपाकघरातून आईनं डोकं बाहेर काढलं. "अहो, त्या पोरीला कशाला विजेत घालताय? एक दिवस टीव्ही नसला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुझी मालिका बुडतेय म्हणून करतोय."

"माझी मालिका! नायिका सहा महिने बेशुद्ध आहे, आज उठून कुठं जाणार?" आई पदराला हात पुसत वर बघून म्हणाली, "आज पंखा मात्र काय मस्त फिरतोय. असाच रोज फिरावा."

खालून गॅलरीशी हाक आली. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान होतं, मधल्या मजल्यावर हे तिघे, आणि वरचा मजला कुलूपबंद.

"वहिनी! तुमच्याकडे लाइट कमी आहे का हो? इस्त्री तापेना माझी. दुसरीही लावली, तीही कोमटच!"

"नाही हो, आमच्याकडे झकास आहे!" आईनं अभिमानानं सांगितलं.

हे सगळं धाकटीनं ऐकलं. कान उघडे होते. पण तिचं सगळं लक्ष हातातल्या पेचकसावर आणि आतल्या हुश्श-टकवर होतं, आणि ऐकलेलं तिनं मोजलं नाही.

प्लग काढून तिनं टीव्ही टेबलावर पालथा घातला. अकरा स्क्रू निघाले. बाबांचा हुकूम आला, "मागचं झाकण उघडलंस की दहा मिनिटं लांब बस. आत एक मोठा डबीसारखा कपॅसिटर असतो. प्लग काढला तरी तो वीज धरून ठेवतो. बघायचं फक्त. बोट घालायचं नाही."

ती दहा मिनिटं धाकटी हात मांडीखाली दाबून बसली. झाकणाखालून जळका वास आला. कसला ते तिला कळेना. नाकानं ओळखणारा माणूस आत होता, आणि त्याच्या नाकात नळी होती. मध्येच मशीनचा सूर बदलल्यासारखा वाटला. ती धावत आत गेली. चिमटा: ब्याण्णव. स्टॅबिलायझर: दोनशे तीस. तिनं वहीत लिहिलं आणि स्वतःला भित्री म्हणत परत आली.

"आता टॉर्च मार. जिथून वायर आत येते तिथंच बघ. काचेची बारीक नळी दिसेल, तो फ्यूज. काच कशी आहे? नीट सांग. नुसती आतली तार तुटली आहे, की काच काळी झालीय?"

"काळी. आरशाला काजळ फासल्यासारखी."

आतून खाट करकरली.

"त्याच्या शेजारी एक गोल चकती असेल. निळी. बिस्किटाएवढी नाही, शर्टाच्या बटणाएवढी."

धाकटीनं टॉर्च तिरका धरला. "आहे. नाही, अर्धीच आहे. फुटलीय. आजूबाजूला काळं उडालंय."

"फुटलीय? तडा गेलाय, का फुटलीय?"

"तुकडा उडालाय बाबा."

ती दारात जाऊन उभी राहिली. इतका वेळ बाबांचा जो चेहरा मजेत होता तो आता छताकडे बघत होता. छताला पंखा होता.

"ती चकती पहारेकरी असते," ते हळूहळू म्हणाले, दर दोन शब्दांनी श्वास घेत. "जास्त व्होल्टेज आलं की स्वतः मरते, बाकीच्यांना वाचवते. जास्त व्होल्टेज आल्याशिवाय ती फुटत नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही."

"पण काटा तर दोनशे तीस..."

"हा पंखा असा कधीपासून फिरतोय?"

"सकाळपासून," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी म्हटलं ना, मस्त फिरतोय."

बाबांनी डोळे मिटले. धाकटीला वाटलं, त्यांना काही होतंय. ती चिमट्याकडे झेपावली. पण त्यांनी तिचं मनगट धरलं.

"तो काटा," ते म्हणाले, "मी चिकटवलाय."

"काय?"

"तुम्ही लहान होतात. संध्याकाळी काटा जरा हलला की तुझी आई घाबरून घरातलं सगळं बंद करायची. दिवे, रेडिओ, सगळं. तुम्ही दोघी अंधारात रडायचात. मग एक दिवस काच काढली, काटा दोनशे तीसवर आणला आणि डिंकाचा एक थेंब लावला. तुझी आई शांत झाली." त्यांनी श्वास घेतला. "आणि मी विसरलो."

आई दारात आली होती. तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "बावीस वर्षं! बावीस वर्षं मी त्या मेल्या काट्याकडे बघून झोपतेय! गेले तीन दिवस रात्री चार-चारदा उठून बघितलाय मी तो!"

धाकटीनं वही उघडली. व्होल्टचा रकाना वरपासून खालपर्यंत: २३०, २३०, २३०. एकेचाळीस नोंदी, एकही आकडा हललेला नाही. प्रयोगशाळेत कुणी असं वाचन आणून दाखवलं असतं तर तिनंच त्याला हसून विचारलं असतं, 'घरी बसून लिहिलंस का रे?' खरा आकडा हलतो. न हलणाऱ्या आकड्यावर तिनं चार दिवस बाबांचा श्वास टांगून ठेवला होता.

ती मीटर घेऊन आली. लाल वायरचं आवरण दोन इंच फाटलं होतं. बाबांची नळी गालाला चिकटवायची कागदी पट्टी ट्रेमध्ये होती. तिचे चार वेढे तिनं वायरला दिले. या वेळी बाबांनी नको म्हटलं नाही. "एकच हात वापर," एवढंच म्हणाले. "दुसरा पाठीमागे."

डावा हात पाठीमागे मुठीत आवळून तिनं दोन्ही टोकं एकाच हातानं सॉकेटच्या भोकांत सारली. टोकं दोनदा निसटली. मग आकडा आला. दोनशे चौऱ्याहत्तर. खाली इस्त्रीवाल्यानं काहीतरी चालू केलं असावं, कारण तिच्या डोळ्यांदेखत पंखा आणखी जोरात फिरायला लागला आणि आकडा चढला. दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे त्र्याण्णव.

आता ते ऐकलेलं सगळं एकमेकांना जोडलं गेलं. इस्त्री तापत नाही, पंखा पळतोय. खालचं दुकान आणि हे घर दोन वेगळ्या तारांवर होती, पण वीज परत नेणारी तार, न्यूट्रल, दोघांची एकच होती. ती कुठंतरी तुटली होती, आणि आता खाली जेवढ्या इस्त्र्या लागतील तेवढी खालची वीज कमी आणि वरची जास्त.

तिनं स्टॅबिलायझरवर तळहात ठेवला आणि झटकन काढला. पत्रा चटका बसेल इतका तापला होता.

"तारांवरच्या वार्निशचा वास येतोय?" बाबांनी विचारलं.

"येतोय."

"तो व्होल्टेज उतरवायच्या शेवटच्या पायरीवर उभा आहे. मशीनला वाचवतोय. त्याच्यापुढे त्याच्याकडे पायरी नाही." मग नेहमीच्या, दुकानातल्या आवाजात, "मेन बंद कर."

"मेन बंद केला तर मशीन बंद पडेल!"

"तो जळला तर मशीनही जळेल. मग उद्याही नाही, परवाही नाही. सिलिंडर आहे ना? हिशेब कर. शिकलीस कशाला?"

तीन लिटरचा सिलिंडर, अडतीस किलो. तीन गुणिले अडतीस, एकशे चौदा लिटर. मिनिटाला दोन लिटर. सत्तावन्न मिनिटं. दहावीतलं पोरही करील असा गुणाकार, पण धाकटीनं तो तीनदा केला. उत्तर बदललं नाही.

सिलिंडरच्या गळ्यात सुतळीनं बांधलेला पाना होता. तिनं तो डावीकडे फिरवला, हललाच नाही. आई पुढे झाली, दोघींनी मिळून जोर लावला, आणि 'फस्स' आवाज आला तेव्हा आईच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. धाकटीनं नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली. मग बाहेर जाऊन मेन स्विचवर हात ठेवला. चालू ठेवायचं एवढं एकच काम तिच्याकडे होतं, आणि ते आपल्या हातानं बंद करायचं होतं. तिनं डोळे मिटले आणि खटका खाली ओढला.

दोन अठ्ठावन्न. पंखा मंदावत थांबला, आणि आतून मशीननं एक लांबलचक 'पीऽऽऽ' केलं. तो आवाज थांबेपर्यंत धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मग फोन. पक्कडकाका म्हणजे बाबांच्या दुकानासमोरचे इलेक्ट्रिशियन. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवायला वेळ लागायचा. "न्यूट्रल गेलाय म्हणतेस?" ते म्हणाले. "मीटरच्या खोलीची किल्ली इस्त्रीवाल्याकडे आहे. त्याला सांग, सगळं बंद कर आणि खोली उघडून ठेव. मी लांब आहे, पण अर्ध्या तासात येतो. त्याला बोलू देऊ नकोस जास्त."

"काका, अर्धा तास म्हणजे तीस मिनिटं ना?"

"तू त्याचीच पोरगी," म्हणून त्यांनी फोन ठेवला. धाकटीनं गॅलरीतून ओरडून इस्त्रीवाल्याला तेवढंच सांगितलं.

तीन वाजून वीस. सिलिंडर तेवीस, बोट एक्क्याण्णव. पंख्याशिवाय खोली गच्च झाली होती. आई खाटेच्या पायथ्याशी बसून वर्तमानपत्रानं वारा घालत होती आणि मधूनमधून स्वतःशीच म्हणत होती, "डिंक! म्हणे डिंक!"

"धाकटे," बाबा म्हणाले, "पक्कड कधी वेळेवर आलाय? दोनचा एक कर. दुप्पट वेळ पुरेल."

तिलाही ते सुचलं होतं; बोलायची हिंमत झाली नव्हती. तिनं कळ फिरवली. एक लिटर. मग चिमट्यावरची नजर हलवली नाही. एक्क्याण्णव. नव्वद. नव्वद. एकोणनव्वद. बाबांच्या मानेजवळचा खड्डा दर श्वासाला आत जाऊ लागला. अठ्ठ्याऐंशी. त्यांनी तिच्याकडे बघून हसण्याचा प्रयत्न केला आणि तो अर्ध्यावर सोडला. ओठांचा रंग बदलल्यासारखा वाटला. की खिडकीतला उजेड गेला होता?

सत्त्याऐंशी.

"नाही," धाकटी म्हणाली आणि कळ परत दोनवर नेली. "असं नाही करायचं. जेवढं आहे तेवढं पूर्ण घ्यायचं."

तीन सव्वीस, सिलिंडर एकवीस. आकडा वर यायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत धाकटीच्या लक्षात आलं की ती आता मोजत नव्हती, नुसती बघत होती.

जिन्यात चपला वाजल्या. तीन एकतीस. पक्कडकाका दारातून आत डोकावले. "काय रे, स्वतःचाच सेट दुरुस्त करता येईना?"

बाबांनी नुसतं बोटानं खालच्या मजल्याकडे दाखवलं. पक्कडकाकांचा चेहरा पडला. पुढचं वाक्य गिळून ते दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. धाकटी गॅलरीत उभी राहिली. तिथून आतली खाटही दिसत होती आणि खालचं दारही.

"हे बघ! बोल्ट भाजून काळा कुट्ट झालाय!" खालून आवाज आला. "वायर नुसती टेकलीय!"

"मी किल्लीला हात लावला नाही हां," इस्त्रीवाला म्हणाला.

"तुला कोण काय म्हणतंय? टॉर्च धर. वर नाही, माझ्या हातावर धर!"

तीन चाळीस, सिलिंडर बारा. खाली कानस घासल्याचा आवाज. तीन पंचेचाळीस, सिलिंडर नऊ. आईनं वारा घालणं थांबवलं होतं; दोन्ही हातांनी बाबांचं पाऊल धरून ती बसली होती.

"काका!" धाकटी ओरडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"आवळतोय! तू मशीनचा प्लग काढून ठेव. आधी मोज, मग लाव!"

तीन एकोणपन्नास. सिलिंडर सहा. खालून हाक आली, "टाक मेन! आणि तू, लाव रे तुझ्या इस्त्र्या!"

तिनं खटका वर केला. पंखा फिरू लागला; त्याचा वेग बघायला ती थांबली नाही. डावा हात पाठीमागे, मीटर सॉकेटमध्ये. आकडा आला आणि थोडासा हलला, एकदा वर, एकदा खाली. खाली दोन्ही इस्त्र्या लागल्या, तरी तो तिथंच घुटमळत राहिला. मशीनचा प्लग तिनं थेट भिंतीत लावला. स्टॅबिलायझर अजून गरम होता.

"लगेच नळी बदलू नकोस," बाबा म्हणाले. आवाज बारीक, पण तोच दुकानातला. "त्याला पूर्ण ताकदीवर यायला पाच मिनिटं लागतात."

हुश्श-टक. हुश्श-टक. पाच मिनिटं तिनं घड्याळावर मोजली, मग नळी मशीनला लावली आणि पाना उजवीकडे घट्ट फिरवला.

"तो डिंक काढायला हवा," बाबा म्हणाले.

"तुम्ही हात लावू नका," आई म्हणाली. "मी काढते. मी."

धाकटीनं वही घेतली. व्होल्टच्या रकान्यातल्या एकेचाळीस नोंदींवर एक सरळ आडवी रेघ मारली, चिमटा बाबांच्या बोटाला लावला, आकडा स्थिरावेपर्यंत थांबली आणि खाली लिहिलं:

तीन पंचावन्न. सिलिंडर ३. सॉकेट २२९. बोट ९१.